पगारे साहेबांच्या डब्यातलं काळीज

अंजली पगारे पडली ती मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, मेडिकल कॉलेजच्या डिसेक्शन हॉलमध्ये. आणि नाशिक रोडच्या मैत्री सोसायटीला ते सव्वाअकराला कळलं. साल शहाण्णव. सोसायटीत फोन एकच, सेक्रेटरी किशोर निकम यांच्या घरी. निकमांचा स्वभाव असा, की फोनवरचा निरोप ज्याचा त्याला देण्याआधी वाटेतल्या सगळ्यांच्या कानावर घालायचा, म्हणजे ऐन वेळी आधार द्यायला माणसं हाताशी असतात. त्यामुळे वत्सलाबाई पगारे पदराला हात पुसत दारात आल्या तेव्हा जिन्यात सात बायका आधीच डोळे ओले करून उभ्या होत्या.

"वहिनी, घाबरू नका," निकम म्हणाले, आणि या वाक्यानं जे होतं तेच झालं. वत्सलाबाई मटकन खाली बसल्या.

"अहो, पोरगी ठणठणीत आहे! मुडदा बघून चक्कर आली, एवढंच."

अंजलीचे वडील देवराम पगारे पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. मुलीचा मेडिकलला नंबर लागला तेव्हा सोसायटीच्या बुद्धविहारात तिचा सत्कार झाला होता, फेटा बांधून. त्या सत्काराला उत्तर अंजलीनं द्यायचं होतं, पण दिलं देवरामांनी. पस्तीस मिनिटं, 'वैज्ञानिक दृष्टिकोन आणि आपण' या विषयावर. विहाराच्या अंधश्रद्धा निर्मूलन उपसमितीचे ते अध्यक्ष होते. उपसमितीचे सभासदही तेच होते, पण ते तपशिलात गेलं तर.

संध्याकाळी अंजली घरी आली, भिंतीकडे तोंड करून पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, "मी नाही जाणार परत. मी डी.एड. करते."

त्या रात्री पगाऱ्यांच्या घरात कुणी जेवलं नाही. चौथ्या दिवशी कॉलेजचं पत्र आलं. विद्यार्थिनी सदर दिवसापासून गैरहजर आहे, वीस दिवसांत हजर न झाल्यास प्रवेशाबाबत पुनर्विचार करावा लागेल, पालकांनी समक्ष भेटावे. देवरामांनी आयुष्यभर अशी पत्रं दुसऱ्यांना लिहिली होती. आपल्याला आल्यावर त्यातला 'पुनर्विचार' हा शब्द असा पोटात जातो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्यावरच्या सखुबाई सगळ्यात आधी आल्या. "नजर लागली. पोरीला फेटा बांधून मिरवली, नजर नाय लागणार तर काय व्हईल? एकदा वणीला देवीकडं नेऊन आणा."

"सखुबाई," देवराम शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले, "आपण त्यातले नाही."

"मग गडावर नका चढू. नुसतं वणीच्या रस्त्यानं हिंडवून आणा. हवा लय चांगली हाय तिकडं."

निकम मात्र विज्ञानाच्या बाजूनं बोलले. "सवय! दुसरं काही नाही, सवयीचा भाग आहे पगारे. मला लहानपणी पाण्याची भीती होती. बापानं उचललं आणि गोदावरीत फेकलं."

"मग?"

"मग लोकांनी बाहेर काढलं. पण त्या दिवसापासून भीती गेली."

"पोहता येतं का आता?"

"पोहायचा प्रश्न नाहीये, पगारे. प्रश्न भीतीचा आहे."

हा युक्तिवाद थोडा तपासून घ्यायला हवा होता. पण देवरामांना त्यातला 'सवय' हा शब्द पटला. त्यांनी एक कोरी फाईल काढली, वर लिहिलं, 'विषय : चि. अंजलीची भीती निवारण करणेबाबत', आणि खाली कलम एक : मुलीला कापाकापीची सवय घरीच लावणे. माणूस मिळणं शक्य नव्हतं. बोकड मिळण्यासारखा होता. काळीज बोकडाचं असो की माणसाचं, चार कप्पे दोघांनाही असतात, हे त्यांनी अंजलीच्याच पुस्तकात चित्रासकट पाहिलं होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती देवरामांनी स्वतः कुणालाच सांगितली नव्हती. त्यांना रक्त बघवत नसे. दर चौदा एप्रिलला विहारात रक्तदान शिबिर व्हायचं आणि गेली बारा वर्षं त्यात देवराम नावनोंदणीच्या टेबलावर बसायचे; खाटांकडे पाठ करून. दात्यांना केळी वाटायचं कामही त्यांनी मागून घेतलं होतं, कारण केळी वाटणाऱ्याला केळ्यांकडेच बघावं लागतं. मटण त्यांना प्रिय होतं, पण ते आणायचं काम वत्सलाबाईंचं. देवराम दुकानाच्या पलीकडे, लिंबाच्या झाडाखाली सायकल धरून पेपर वाचत उभे राहायचे. तर असा हा माणूस त्या रविवारी एकटाच मटणाच्या दुकानाच्या रांगेत उभा राहिला. पोरीसाठी माणूस काय काय करतो त्याची यादी फार मोठी आहे, पण ही नोंद त्यात वरच्या बाजूला यायला हरकत नाही.

दुकान वाल्मीक घोडक्यांचं. वाल्मीक म्हणजे पाच हात लांब, तीन हात रुंद असा माणूस. त्याच्या हातातला सुरा चमच्यासारखा दिसायचा. देवरामांनी नजर भिंतीवरच्या कॅलेंडरला खिळवली आणि म्हणाले, "एक काळीज द्या. अख्खं. न कापता."

"अख्खं?" वाल्मीकनं वर पाहिलं. "तुकडे करून देतो ना साहेब."

"अजिबात नको."

घरी जय्यत तयारी झाली. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर स्टीलचं ताट, नवं ब्लेड, शेजारी पुस्तक. अंजलीला हाताला धरून आणून बसवलं. ती बसली, तिनं ब्लेड उचललं आणि सरळ काप घेतला. देवराम तिच्या मागे, पुस्तकाच्या आडून, चित्राकडे बघत सूचना देत होते.

"आता उजवा वरचा कप्पा दिसेल."

"नाही दिसत."

"डावा बघ."

"पप्पा, यात कप्पेच नाहीत. सगळं सलग आहे."

दुसरा काप झाला, तिसरा झाला. देवरामांनी शेवटी धीर करून एका डोळ्यानं ताटात पाहिलं. तांबडा, गुळगुळीत, भला मोठा गोळा. कप्पा एक नाही. बोकडाच्या शरीरातच काही उणीव असावी असं त्यांचं मत होऊ लागलं, एवढ्यात वत्सलाबाई आपलं चांगलं ताट कुठे गेलं ते शोधत आल्या.

"अगंबाई, एवढी कलेजी कशाला चिरताय?"

"कलेजी नाही. काळीज आहे."

"काळीजच की. म्हणजे लिव्हर."

देवरामांनी पुन्हा पुस्तकातलं चित्र पाहिलं. मग म्हणाले, "काळजाचा ठोका चुकला म्हणतात, तो कशाचा मग?"

"तो तुमच्या भाषणातला. वाल्मीकच्या दुकानात काळीज म्हणजे लिव्हर. ठोका पडतो ते दिल. पंचवीस वर्षं मटण खाताय, कधी विचारलंत का, कशाला काय म्हणतात ते?"

आणि अंजली हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा. अगदी खळखळून नाही, पण खांदे हलले. लगेच तिनं ब्लेड खाली ठेवलं आणि आत जाऊन पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिनं इतका वेळ ते सगळं बिनदिक्कत चिरलं होतं, हात एकदाही थरथरला नव्हता, हे मात्र कुणाच्याच लक्षात आलं नाही. वत्सलाबाईंनी कलेजी तव्यावर परतली. देवरामांना त्या हसण्यानं असा काही हुरूप आला की त्यांनी फाईलमध्ये कलम दोन लिहिलं : दिल आणणे.

दिल बुधवारी सकाळी मिळालं. वाल्मीकनं ते देवरामांनी नेलेल्या स्टीलच्या डब्यात घालून दिलं आणि न राहवून विचारलं, "साहेब, रविवारी अख्खं काळीज, आज अख्खं दिल. कुणी सांगितलंय का?"

"डॉक्टरांचं काम आहे," देवराम म्हणाले. भावी डॉक्टर या अर्थानं. घरी जाऊन परत निघावं तर ऑफिसची बस चुकणार. म्हणून डबा पिशवीत, पिशवी खुर्चीखाली, आणि पगारे साहेब कामाला लागले.

पाटबंधारे खात्याच्या त्या शाखेत ललित बागूल नावाचे सटाण्याकडचे एक क्लार्क होते. दुसऱ्याचा डबा उघडणं हा आपला हक्क आहे अशी त्यांची अकरा वर्षांची समजूत होती आणि ती खोडून काढायला कुणाला सवड मिळाली नव्हती. देवराम देवळा उपविभागातल्या कालव्याच्या चारी दुरुस्तीची फाईल पुढ्यात घेऊन बसले होते. बागुलांनी सवयीनं खुर्चीखाली हात घातला, "बघू आज वहिनींनी काय दिलंय," म्हणत झाकण काढलं, आणि त्यांची शहरी मराठी जागच्या जागी संपली.

"हाई काय शे?"

ते ताडकन उठले. डबा कलंडला. बोकडाचं दिल देवळा उपविभागाच्या चारी दुरुस्तीवर पडलं आणि अंदाजपत्रकावरून घरंगळत मंजुरीच्या सहीपर्यंत गेलं. देवराम कॅलेंडर शोधत होते, पण ऑफिसच्या त्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि पंख्याकडे पाहिलं. पडले नाहीत. पण त्या दिवशी त्याचं कौतुक करायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं.

चार वाजता वरच्या साहेबांचा मेमो आला. 'सदर फाईलवरील डाग कशाचे आहेत याचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा.' देवरामांनी रीतसर लिहिलं : 'सदर डाग हे बोकडाच्या हृदयाचे असून ते शैक्षणिक प्रयोजनार्थ बाळगण्यात आले होते. मजकुरास बाधा पोहोचलेली नाही, केवळ सही पुसट झाली आहे.' दुसऱ्या दिवशी त्यावर शेरा आला. 'खुलासा मान्य नाही. शैक्षणिक प्रयोजन या खात्यास लागू होत नाही.' तो पत्रव्यवहार पुढे देवरामांच्या निवृत्तीपर्यंत चालला आणि देवळ्याच्या चारीची दुरुस्ती त्यात दोन उन्हाळे मागे पडली, अशी माहिती आहे. पण तो वेगळा विषय.

खरा घाव संध्याकाळी बसला. बागुलांचा एक साडू नाशिक रोडला राहायचा, त्यामुळे बातमी देवरामांच्या आधी सोसायटीत पोहोचली. पहिल्या मजल्यावर ती अशी होती की पगाऱ्यांना हृदयविकार झालाय. दुसऱ्या मजल्यावर, की त्यावर उतारा म्हणून ते कच्चं दिल खातात. तळमजल्यावर सखुबाईंपाशी येईपर्यंत त्यात अमावास्या, लिंबू आणि त्र्यंबककडचा कुणी भगत आला होता.

निकमांनी विहारात बोलावून घेतलं. पाच-सहा जण गंभीर चेहऱ्यानं सतरंजीवर बसले होते.

"पगारे, ज्या जागेवरून तुम्ही बुवाबाजीवर बोलता, तिथेच आम्हाला हे विचारावं लागतंय. वाईट वाटतं."

देवरामांनी खरं ते सांगितलं. मुलीला सवय व्हावी म्हणून आणलं होतं. खरं बोलण्याचा तोटा असा, की ते आधीच्या अफवांपेक्षा जास्त खोटं वाटतं. निकमांनी मान हलवली. "शिकायला पुस्तकं असतात, पगारे. शिवाय मुलगी घरी आणि दिल ऑफिसात? हे जुळत नाही."

"तुमचा विश्वास नसेल तर मी उपसमितीचा राजीनामा देतो!" देवराम उठले. तीस वर्षांत त्यांनी कुणाकडून चहाही फुकट घेतला नव्हता, मुलांना उपाशी ठेवून पुस्तकं घेतली नव्हती की पुस्तकं सोडून देवळांच्या पायऱ्या चढले नव्हते. आणि आज त्यांच्यावर भगत लादला जात होता.

"राजीनामा कुणाकडे देणार?" एकानं प्रामाणिकपणे विचारलं.

देवराम विचारात पडले. तो घ्यायचा अधिकार फक्त अध्यक्षांना होता. ते तसेच घरी आले आणि त्यांनी फाईल बंद करून माळ्यावर टाकली.

शुक्रवारी संध्याकाळी दार वाजलं. दारात वाल्मीक घोडके; अंघोळ केलेली, पांढरा शर्ट, केसांना तेल. पाण्याचा तांब्या त्यानं एका घोटात संपवला आणि खुर्चीवर बसला; खुर्ची बोलली.

"साहेब, राग मानू नका. पण माझ्या दुकानातून करणीचा माल जातो म्हणून लोकं बोलायला लागलीत. सखुबाईनं आज गुर्दे घेताना विचारलं, यावर कुणी काही पुटपुटलं तर नाय ना? आता मी काय करू? बकऱ्यावर पाटी लावू?"

देवरामांनी पुन्हा सगळं सांगितलं; थकल्या आवाजात, कुणी विश्वास ठेवेल ही आशा न धरता. वाल्मीकनं ते पूर्ण ऐकलं. मग तो आतल्या खोलीच्या दारात उभ्या असलेल्या अंजलीकडे वळला.

"ताई, तू घाबरलीस कशाला?"

अकरा दिवस झाले होते. नजर लागल्याचं सांगून झालं होतं, गोदावरी सांगून झाली होती, एक लिव्हर आणि एक दिल कामी आलं होतं, एक मेमो आणि एक शेरा निघाला होता. आणि हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. देवरामांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं त्यांच्याकडे पाहिलं.

"रक्ताला नाही घाबरले काका," अंजली म्हणाली. "तिथं रक्त नसतंच. औषधात ठेवलेल्या असतात बॉड्या, कोरड्या असतात. बोकड कापायला मला काहीच वाटत नाही. पप्पांनाच वाटतं."

देवराम खोकले.

"आमच्या टेबलावर एक म्हातारी आहे. मॅडम म्हणाल्या बेवारस आहे. मी हातावरचं कापड सारलं तर गोंदलेलं होतं. कोंडाजी, असं नाव. आपल्या आजीच्या हातावर कसं आहे, तसंच. आणि शेजारी मुलं म्हणत होती, बॉडी नंबर चार, बेवारस. मला वाटलं, हिच्या हातावर नाव आहे ना, मग ही बेवारस कशी? कोण कोंडाजी? तो शोधत असेल तर? आणि मी तिथेच ब्लेड लावायचं? मग पुढचं मला आठवत नाही."

वत्सलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वाल्मीक आपल्या पंजाकडे बघत म्हणाला, "मी तीस वर्षं बकरं कापतो. कापायच्या आधी विचारतो, कुठलं? घोटीचं, का सिन्नरचं? बाजारात कुणी आणलं? कळून काय करायचंय, सांग? पण विचारल्याबिगर हात नाय चालत. तू विचारलंस का तिथं कुणाला?"

"नाही. लाज वाटली. सगळे हसत होते मी पडले म्हणून."

"मग उद्या विचारू. साहेबांना जायचंच आहे ना भेटायला? मी येतो संगं. आपण कापणारी माणसं, आपल्याला काय!"

शनिवारी तिघं निघाले. द्वारका चौकात बस बदलेपर्यंत आणि बदलल्यावरही वाल्मीक बोलत होता. बोकड सोलायला त्याला किती मिनिटं लागतात, एकदा त्याच्याच अंगठ्यावर सुरा बसला तेव्हा त्यानं कसा एका हातानं फडका बांधला आणि दुसऱ्यानं गिऱ्हाईक केलं. देवराम खिडकीबाहेर द्राक्षाच्या बागा बघत होते आणि मनात पाढे म्हणत होते.

विभागप्रमुख डॉ. मोहिनी भालेराव म्हणजे सडपातळ, पन्नाशीच्या, पटपट बोलणाऱ्या बाई. त्यांनी चष्म्यावरून तिघांकडे पाहिलं. "हे पालक. आणि हे कोण?"

"मी पण याच लाईनीतला," वाल्मीक म्हणाला.

देवरामांनी अर्ज पुढे केला. बोलताना आवाज दगा देईल म्हणून त्यांनी तो रात्रीच लिहून ठेवला होता. 'विषय : टेबल क्र. ४ वरील मयत महिलेच्या हातावर गोंदलेल्या नावाबाबत माहिती मिळणेबाबत.' बाईंनी तो वाचला. एकदा नाही, दोनदा. मग कपाटातून रजिस्टर काढलं.

"एवढंच आहे पाहा," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "स्टेशनवर आजारी सापडली. दवाखान्यात तीन दिवस होती. नाव सांगता आलं नाही. पेपरला दिलं, पोलिसांनी वाट पाहिली, कुणी आलं नाही. कोंडाजी कोण, हे कुठे लिहिलेलं नाही. पण तुम्ही बुधाला विचारा. हॉल तो सांभाळतो."

बुधा पेठकडच्या डोंगरातला, काटकुळा, खाकी कपड्यातला माणूस. हॉलच्या दाराशी झाडू घेऊन उभा होता. अंजलीनं विचारलं तसा तो म्हणाला, "ते गोंदण आमच्याकडचं हाय ताई. डोंगरातलं. नवऱ्याचं नाव असंल, नाय तर भावाचं. आमच्या बाया भावाचं बी गोंदतात. भाताची आवणी झाली का द्राक्षाच्या कामाला खाली उतरतात, तशीच आली असंल. मी आजी म्हणतो तिला. रोज सकाळी सांगतो, आजी, पोरं आली."

"हे मला कुणी सांगितलं नाही," अंजली म्हणाली.

"कुणी इचारलं बी नाय."

बाई म्हणाल्या, "पालकांना आत परवानगी नाही. दारात थांबा." अंजलीही उंबरठ्यावरच थांबली. आत विद्यार्थ्यांची कुजबुज थांबली. औषधाचा उग्र वास डोळ्यांत घुसला आणि पाणी आलं. बुधा चार नंबरच्या टेबलाशी गेला. त्यानं सगळं कापड नाही काढलं, फक्त उजवा हात उघडा केला. कोपरापासून खाली, जसा एखाद्या झोपलेल्या माणसाचा हात पांघरुणाबाहेर येतो तसा.

देवरामांनी चौकट धरली. डोळे मिटले. सतराचा पाढा सतरा दाहे सत्तर-शंभर असा काहीतरी चुकवला. आता आपण पडणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मुलीच्या कॉलेजात, मुलीच्या मॅडमसमोर. मग वाटलं, पडायचंच आहे तर बघून पडू. त्यांनी डोळे उघडले.

एक हात होता. काळसर, वाळलेला, बोटं किंचित मिटलेली. त्यावर हिरवट अक्षरं. देवराम बघत राहिले. पाय जागेवर होते, चौकट जागेवर होती. काहीच झालं नाही.

आणि तेवढ्यात मागे वडाची फांदी मोडावी तसा आवाज झाला.

वाल्मीक घोडके पडले होते. पडताना त्यांनी एक स्टूल आणि बुधाची बादली सोबत नेली.

सगळे जागच्या जागी थिजले, एक अंजली सोडून. ती झटकन वळली, गुडघ्यावर बसली, शर्टाचं वरचं बटण सोडलं, मनगट हातात घेतलं. "नाडी आहे. पप्पा, पाय वर धरा! वर, अजून वर! कुणी गर्दी करू नका. तू, तो पंखा लाव. बुधाकाका, पाणी, तोंडात नाही घालायचं, नुसतं तोंडावर!" तिचा आवाज देवरामांनी असा कधी ऐकला नव्हता. शंभर किलोच्या माणसाचे दोन्ही पाय खांद्यावर घेऊन पाटबंधारे खात्याचे हेडक्लार्क डिसेक्शन हॉलच्या दारात पाच मिनिटं ताठ उभे राहिले. पाहणाऱ्या पोरांपैकी कुणी हसलं नाही. मॅडम तिथेच होत्या.

वाल्मीकनं डोळे उघडले. "कुणाचं गिऱ्हाईक राहिलंय?" त्यानं विचारलं. मग सगळं लक्षात आलं आणि त्यानं डोळे पुन्हा मिटून घेतले. या वेळी मुद्दाम.

तो भिंतीला टेकून बसल्यावर अंजली उठली आणि कलंडलेली बादली उचलून आत ठेवायला गेली. ती हॉलच्या मधोमध उभी होती. आपण आत कधी आलो हे बहुधा तिला समजलं नव्हतं. चार नंबरशी बुधा पुन्हा कापडाचं टोक धरून उभा होता.

"ताई, झाकू का?"

अंजलीनं दाराकडे पाहिलं, वडिलांकडे. देवरामांना मान हलवायची होती, पण होकारार्थी की नकारार्थी ते सुचेना, म्हणून ते नुसते उभे राहिले.

"नको," ती म्हणाली. हात धुऊन टेबलापाशी गेली, आणि ब्लेड उचलण्याआधी त्या हाताजवळ वाकून काहीतरी बोलली. काय ते दारापर्यंत ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये वाल्मीक नाशिक रोड येईपर्यंत बोलला नाही. उतरताना त्यानं देवरामांचा दंड धरला. "साहेब, तुमच्या पाया पडतो. हे दुकानावर कळलं ना, तर मला सुरा ठेवून द्यावा लागंल."

"शब्द देतो," देवराम म्हणाले. तो शब्द त्यांना फार महाग पडला. जिन्यातच निकम उभे होते. "काय पगारे? ऐकलं की कुणीतरी दाणकन पडलं तिथं! मला फोन आला होता." आणि त्यांनी देवरामांकडे अशा काही सहानुभूतीनं पाहिलं, की त्याचा अर्थ पहिलीतल्या पोरालाही कळावा. आयुष्यात पहिल्यांदा देवराम ताठ उभे राहिले होते आणि ते सांगायची सोय नव्हती.

"चालायचंच," ते म्हणाले आणि मान खाली घालून वर गेले. सखुबाईंनी रात्री लिंबाचं सरबत पाठवलं. ते त्यांनी अपमानासकट प्यायलं.

पुढच्या गुरुवारी अंजली सातला घरी आली ती दारातूनच भूक भूक करत. तिच्या कपड्यांना तो वास येत होता. वत्सलाबाईंनी आधी अंघोळ कर म्हटलं, तिनं ऐकलं नाही. ताटावर बसली, दोन घास खाल्ले आणि मग म्हणाली, "आज आम्ही तळहात केला. मॅडमनी बाकीच्या टेबलांवरची मुलं बोलावली बघायला. आजीच्या अंगठ्याचा स्नायू एवढा जाड आहे, की बाकीच्या कुठल्याच बॉडीला तसा नाही. म्हाताऱ्या माणसाचा सुकून जातो म्हणे. मॅडम म्हणाल्या, ही बाई शेवटपर्यंत हातानं काम करत होती. विळा धरला असेल, आवणी केली असेल, दळलं असेल. तिचं नाव नाही कळलं, पण हे कळलं."

देवरामांनी आपला अंगठा ताटाच्या कडेला धरून पाहिला. पेन धरणारा अंगठा. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

वत्सलाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी पिठाचा हात तसाच पुढे केला. "बघू गं, कुठे असतो तो?"

अंजलीनं आपला उष्टा हात धुतला, आईचा हात मांडीवर घेतला, पीठ पुसलं, आणि अंगठ्याच्या बुडाशी असलेला तो उंचवटा बोटानं हळूच दाबला.

"हा बघ," ती म्हणाली. "हा इथून सुरू होतो."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. देवराम उठले आणि त्यांनी ती उलटली.